बोलणाऱ्यावर नको, ऐकणाऱ्यावर थांबा

प्रश्न: मित्रांसोबत मोबाईलवर शॉर्ट फिल्म केलीय. स्वयंपाकघरात मुलगा आईला सांगतो की कॉलेज सोडलं, मग भांडण. कामं सगळ्यांची छान झालीत पण एडिट करून बघितलं तर टेबल टेनिसची मॅच बघतोय असं वाटतं. काय चुकतंय?

उत्तर: जो बोलतो तो दिसतो, वाक्य संपलं की कट, लगेच समोरचा, असंच केलं असणार. नवीन असताना सगळेच करतात, मी तर वर्षभर तेच करत होतो. आता "मी कॉलेज सोडलंय" या वाक्याचं फक्त चित्र मध्येच कापा, आवाज चालू राहू दे. "मी कॉलेज" म्हणताना तो दिसतो आणि "सोडलंय" ऐकू येतं तेव्हा पडद्यावर आई, हातातलं लाटणं थांबलेलं. हा एल कट. उलट आई अजून पोळी लाटतेय, मुलाचा आवाज आधी आला आणि तो नंतर दिसला तर जे कट. (टाइमलाइनवर, म्हणजे एडिट करताना क्लिपा ओळीने लावतो त्या पट्टीवर, त्या अक्षरांसारख्या दिसतात म्हणून ही नावं, बाकी काही गहन नाही.)

आणि आईने तिथे फार ॲक्टिंग केली नसेल तरी चालतं बरं का. रशियन दिग्दर्शक लेव्ह कुलेशोव्हने मोजूखिन नावाच्या नटाचा एकच कोरा चेहरा कधी सूपच्या बाऊलला जोडला, कधी शवपेटीला, आणि लोकांना त्यात एकदा भूक दिसली, एकदा दुःख, असं सांगतात. म्हणून ॲक्शन म्हणायच्या आधी आई नुसती उभी होती तो तुकडाही तपासा, कधी कधी तोच कामाला येतो.

दर कटला फॅनची घरघर बदलत असेल तर पुढच्या वेळी सगळ्यांना गप्प बसवून त्याच खोलीतली ३० सेकंदांची शांतता रेकॉर्ड करा. रूम टोन म्हणतात त्याला, सगळ्या आवाजाखाली अंथरला की जोड कळत नाहीत.

प्रश्न: मित्र म्हणतो रील्ससारखे फास्ट कट टाक, नाहीतर कोण बघणार?

उत्तर: चैतन्य ताम्हाणेचा 'कोर्ट' सिनेमा दाखवा त्याला, एडिटर रिखव देसाई. कोर्टाला सुट्टी लागते, माणसं निघून जातात, दिवे बंद, पडदा काळा, आणि आपण तसेच बसलेलो. संपला वाटतं (माझ्या शेजारचा तर चपला शोधायला लागला होता) आणि मग जजसाहेबांची सहल सुरू होते. तो काळोख झटकन कापला असता तर ती सहल एवढी खुपली नसती.