पहिली क्वाड: स्पोर्ट की युटिलिटी?

अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनियातील हॅटफिल्ड-मकॉय ट्रेल्सवर, म्हणजे डोंगरांतील कच्च्या वाटांवर, दिवसभर फिरण्यासाठी तुम्ही पहिली क्वाड (कच्च्या रस्त्यांवर चालणारी चारचाकी एटीव्ही) घेणार असाल, तर माझ्या मते वेगासाठीच्या स्पोर्टऐवजी कामासाठीची युटिलिटीच घ्यावी. यामाहा रॅप्टर 700आरसारखी स्पोर्ट क्वाड 200 किलोंच्या आत असते, आणि मोकळ्या, कोरड्या वाटेवर किंवा वाळूत तिच्याइतका आनंद दुसरी गाडी देत नाही, हे मला मनापासून मान्य आहे. परंतु तिची ताकद फक्त मागच्या चाकांना मिळते, क्लच आणि गिअर स्वतः सांभाळावे लागतात, त्यामुळे त्या डोंगरांतील चिखल, मुळे आणि दगड यांतून जाताना नवखा चालक लवकर थकतो.

पोलारिस स्पोर्ट्समन 570 सारख्या युटिलिटी क्वाडमध्ये गरजेनुसार चारही चाके ओढतात, गिअर स्वयंचलित असतात आणि पाणी, अवजारे, रेनकोट ठेवायला कॅरिअर असते. मात्र ती 300 किलोंहून जड असल्यामुळे तीव्र आडव्या उतारावर कलंडण्याचा धोका गंभीर असतो, म्हणून कॅरिअरवर उंच सामान रचू नये आणि एकआसनी गाडीवर दुसरा माणूस तर कधीही बसवू नये. काही ट्रेल्स फक्त 50 इंच रुंदीपर्यंतच्या गाड्यांसाठी असतात, तेव्हा रुंद चाके बसवण्यापूर्वी मोजमाप अवश्य घ्यावे. हेल्मेट दोन्ही प्रकारांत सारखेच अनिवार्य आहे.