‘टॉकेटिव्ह’ म्हणजे बोलकी की बडबडी?

यवतमाळकडच्या एका शिक्षिकेने विचारलं आहे: गावातल्या अकरावीच्या मुलींना एकच स्वभावचाचणी मराठीत आणि इंग्रजीत दिली, तर इंग्रजीत बहिर्मुखतेचे (लोकांत मोकळं मिसळण्या-बोलण्याच्या स्वभावाचे) गुण जास्त आले. मराठीत ‘टॉकेटिव्ह’ला ‘बडबडी’ लिहिलं होतं. ते चुकलं का?

ताई, माझ्या मते चुकलं. ‘बडबडी’त अर्थ आला, पण सोबत ठपकाही आला. आपल्याकडे ‘लय बडबड करते पोरगी’ हे कौतुकाने कोणी म्हणत नाही. त्यापुढे ‘पूर्णपणे सहमत’वर खूण करायला मुलगी कचरणारच. ‘बोलकी’ घातलं तर उलटं होईल, कारण ती शाबासकी आहे. स्वभावाचे पाच पैलू मोजणाऱ्या प्रसिद्ध बिग फाइव्ह इन्व्हेंटरी या चाचणीत ४४ विधानं, त्यांतली बहिर्मुखतेची फक्त ८. तिथे एक शब्द कलला तरी बेरीज हलते.

१९७० मध्ये रिचर्ड ब्रिस्लिन यांनी मांडलेली उलट-भाषांतराची पद्धत अजून वापरतात: मराठी विधान दुसऱ्याकडून परत इंग्रजीत करून घ्यायचं आणि मूळाशी ताडून पाहायचं. त्यात ‘बडबडी’ सहज सुटून जाते, कारण परत येताना ती ‘टॉकेटिव्ह’च होते. ठपका कुठेच दिसत नाही.

‘रिझर्व्ह्ड’, म्हणजे आपल्यातच राहणारा, हा शब्द त्याहून अवघड. ‘भिडस्त’ म्हणजे ज्याला नाही म्हणवत नाही तो. त्याला भरपूर बोलताही येतं. ‘बुजरा’ म्हटलं की वावरात बुजणारा बैल डोळ्यांपुढे येतो, त्यात भीती आहे. ‘अबोल’ जवळचा, पण पुस्तकी. मी विशेषण सोडून वागणं लिहीन: ‘अनोळखी माणसांत मी आपणहून बोलायला सुरुवात करत नाही.’ पण इथेही जपा. नकारार्थी विधानाला आपण ‘हो’ म्हणतो तेव्हा ‘हो, नाही करत’ असा अर्थ असतो, आणि ‘असहमत’वर खूण करताना मुली गोंधळतात. ‘अनोळखी माणसांत मी गप्प राहते’ हे बरं.

भाषेने स्वभाव बदलतो का? २००६ मध्ये नैरन रामिरेझ-एस्पार्झा आणि सहकाऱ्यांनी स्पॅनिश-इंग्रजी द्वैभाषिकांना एकाच स्वभावचाचणीच्या दोन्ही भाषांतल्या प्रती दिल्या, तेव्हा इंग्रजीत बहिर्मुखता खरोखरच जास्त निघाली. म्हणजे तुमचा फरक सगळाच भाषांतराचा नसेलही. पण ‘बडबडी’ तिथे असेपर्यंत दोन कारणं वेगळी काढता येणार नाहीत. शब्द बदला, मग अर्ध्या मुलींना मराठी प्रत आधी द्या, अर्ध्यांना इंग्रजी.