चेहरा धूसर करण्यापूर्वी

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा आराखडा वाचला. जळगाव-धुळे भागातील ट्रान्स (पारलिंगी) तरुणांवर माहितीपट करताना चेहरे धूसर करायचे आणि बाकी सारे जसेच्या तसे दाखवायचे, हा बेत मला पटला नाही. आपल्याकडच्या लहान गावात माणूस चालण्यावरून, मोटारसायकलीवरून, घरासमोरच्या ओट्यावरूनही ओळखू येतो. अहिराणी तर दर तालुक्याला इतकी बदलते की चार वाक्यांत जाणकार गाव हेरतो. शिवाय धूसर चेहरा आपण गुन्ह्यांच्या बातम्यांत इतका पाहिला आहे की पडद्यावरचे माणूस बोलण्याआधीच संशयित ठरते.

ज्यांना ओळख लपवायची आहे, त्यांचे म्हणणे दुसऱ्याच्या आवाजात ध्वनिमुद्रित कर आणि तसे पडद्यावरच्या पाटीवर सांग. यंत्राने खालीवर केलेला आवाज पुष्कळदा पूर्ववत करता येतो. चित्रात हात दाखवणार असशील, तर आधी ते हात नीट पाहा. शिलाई मशीनवर काठ दुमडणारी बोटे सुंदर दिसतात, पण मनगटावरचे गोंदण किंवा अंगठ्यावरचा भाजल्याचा डाग शेजारीण लगेच ओळखते. अशा वेळी सुईखालून सरकणारे कापड आणि मशीनच्या पायडलचा आवाज एवढेच पुरते. मोबाईलवर चित्रण करत असशील, तर त्यातली स्थाननोंद (लोकेशन) आधी बंद कर.

‘तुला कधी कळले?’ हा प्रश्न विचारू नकोस. जुने नाव, जुने फोटो, शस्त्रक्रिया यांचीही चौकशी नको. प्रेक्षकाच्या कुतूहलाची सोय करणे हे आपले काम नाही. कालचा दिवस कसा गेला, एवढे विचार. उत्तर संपल्यावर लगेच पुढचा प्रश्न न टाकता कॅमेरा थोडा वेळ चालू ठेव, कारण तयार उत्तरे संपली की माणूस खरे बोलू लागतो. आरशासमोर लिपस्टिक लावण्याचे दृश्य आणि त्यामागची करुण बासरी मात्र कृपा करून वगळ.

अठरा वर्षांखालील मुलांसाठी पालकांची लेखी संमती लागते. मात्र घरी काहीच ठाऊक नसेल, तर ती मागायला जाणे म्हणजे त्या मुलाचे गुपित आपणच फोडणे होय. अशा मुलाचे चित्रण करूच नये; तोच काळ एखाद्या सज्ञान व्यक्तीच्या आठवणींतून यावा. सज्ञानांचीही संमती एका सहीवर भागत नाही. चित्रणापूर्वी, कच्चे संकलन दाखवल्यावर आणि प्रदर्शनापूर्वी ती पुन्हा घ्यावी. पुण्याच्या महोत्सवाला होकार देणारी व्यक्ती अमळनेरच्या सभागृहाला किंवा यूट्यूबला नकार देऊ शकते.

सगळेच अंधारात चित्रित करण्याची गरजही नाही. जळगाव तालुक्यातील भादली बुद्रुकच्या ट्रान्स महिला अंजली पाटील यांचा महिला म्हणून भरलेला उमेदवारी अर्ज फेटाळला गेला होता. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्यांना महिला म्हणून लढण्याची मुभा दिली आणि जानेवारी 2021 मध्ये त्या ग्रामपंचायतीवर निवडून आल्या. असे उघडपणे सार्वजनिक जीवनात वावरणारे कोणी तयार असेल, तर त्यांना भर उन्हात, चौकात, लोकांशी बोलताना दाखव. मग झाकलेल्या गोष्टी का झाकल्या, हे निवेदनाशिवाय कळेल.

आता प्रत्येक व्यक्तीच्या नोंदीपुढे काय दाखवायचे, काय नाही आणि कुठे नाही, असे लिहून सुधारित आराखडा पाठव. चित्रणाच्या तारखा त्यानंतर ठरवू.