ॲसिटोनच्या ड्रमवरच्या डायमंडच्या लाल (ज्वलनशीलतेच्या) चौकटीत ३ आहे, एसडीएसमध्ये, म्हणजे रसायनाच्या सुरक्षा माहितीपत्रकात, मात्र ‘कॅटेगरी २’. बरोबर कोणतं?

दोन्ही बरोबर, मोजपट्ट्या उलट्या आहेत. एसडीएसमधली कॅटेगरी जीएचएसची (रसायनांच्या धोक्यांचं जागतिक वर्गीकरण), तिथे १ सर्वांत घातक. ड्रमवरचा डायमंड एनएफपीए ७०४ या अमेरिकी अग्निसुरक्षा मानकाचा, तिथे ४ सर्वांत घातक. (गफलत इथेच होते: कॅटेगरी १ बघून ‘किरकोळ आहे’ म्हणतात.) ॲसिटोनचा फ्लॅश पॉइंट (ज्या किमान तापमानाला वाफ ठिणगीने पेटू शकते) उणे २० अंश सेल्सिअस, उत्कलनबिंदू ५६. फ्लॅश पॉइंट २३ च्या खाली आणि उत्कलनबिंदू ३५ च्या वर असला की जीएचएस कॅटेगरी २. ईथर ३५ च्या आतच उकळतं, म्हणून कॅटेगरी १. फक्त डायमंडवर विसंबू नका. तो आग-गळतीच्या वेळी अग्निशमन दलासाठी असतो, कर्करोगासारखे दीर्घकालीन धोके त्यात दिसत नाहीत. हातमोजे, वायुवीजन ठरवायला एसडीएसचे विभाग २ आणि ८ बघा.