महायुद्धातल्या महिला सैनिकांच्या सन्मानासाठी कुठे कायदा झाला आहे का?

हो, झालाय. कोल्हापुरात कावळा नाक्यावर ताराराणींचा अश्वारूढ पुतळा रोज बघणाऱ्या माणसाला हा प्रश्न पडणारच!

सगळ्यात बोलकं उदाहरण अमेरिकेचं. दुसऱ्या महायुद्धात तिथल्या हजारावर 'वास्प' महिला वैमानिकांनी कारखान्यातून तळावर विमानं पोचवली, नेमबाजीच्या सरावासाठी मागे लक्ष्य बांधून विमानं उडवली. 38 जणी मेल्या. पण कागदोपत्री त्या नागरी नोकर. त्यामुळे लष्करी इतमाम नाही, आणि मृतदेह घरी पाठवायला मैत्रिणींनी वर्गणी काढायची वेळ यायची. 1944 मध्ये त्यांना लष्करात घ्यायचं विधेयक आलं आणि पडलं. माजी सैनिकाचा दर्जा मिळाला तो 1977 च्या कायद्याने. पुढे 2009 मध्ये त्यांना काँग्रेसचं, म्हणजे तिथल्या संसदेचं, सुवर्णपदक देण्याचा कायदा झाला, पदक दिलं 2010 मध्ये. तोवर कितीजणी हयात राहिल्या असतील, तुम्हीच विचार करा. युरोपात सैनिकांची तुंबलेली टपाल मार्गी लावणाऱ्या 6888 व्या बटालियनच्या कृष्णवर्णीय महिलांना तर अशाच पदकाच्या कायद्यासाठी 2022 उजाडलं.

आपल्याकडे आझाद हिंद सेनेची महिलांची झाशीची राणी रेजिमेंट 1943 मध्ये सिंगापुरात उभी राहिली. तिच्या कॅप्टन लक्ष्मी सहगल यांना 1998 मध्ये पद्मविभूषण मिळालं. आझाद हिंद सैनिकांना स्वातंत्र्यसैनिक पेन्शनही होती, पण ती सरकारी योजना, संसदेचा कायदा नव्हे. माझ्या मते हा फरक मोठा आहे. योजना एका आदेशाने बदलते, कायदा बदलायचा तर सभागृहात उभं राहून कारण सांगावं लागतं.