कौलारू घराची गळती: नव्याने शिकणाऱ्यासाठी

पाणी टपकतं तिथलंच कौल काढायला धावू नकोस. फटीतून आलेलं पाणी रिपेवर, म्हणजे कौलांखालच्या आडव्या पट्टीवर उतरतं, वाशाला, म्हणजे उताराच्या लाकडाला धरून सरकतं आणि बरंच खाली येऊन ठिबकतं. म्हणून डागापासून आढ्याकडे, म्हणजे छपराच्या माथ्याकडे शोधत जा. भर दुपारी माळ्यावर दिवा न लावता बस. फुटलेल्या, सरकलेल्या कौलातून उजेड येतो. तिथे खडूने खूण कर.

पण बेळगाव जिल्ह्यातल्या आपल्या खानापूर भागात, विशेषतः जांबोटी-कणकुंबीकडे, पाऊस वाऱ्याबरोबर आडवा येतो. तिथे धड दिसणारं छप्परही गळतं. एकमेकांत अडकणाऱ्या मंगळुरी कौलाच्या खाचेत पालापाचोळा, शेवाळ साचलं की पाणी कडेवरून आत उलटतं. कित्येकदा नवं कौल लागतच नाही, ब्रशने खाच साफ केली की काम होतं. वाऱ्याची पश्चिमेकडची बाजू आधी बघ. दोन उतार मिळतात तिथला पन्हळीचा पत्रा गंजलाय का, तेही.

कौल बदलायचंच तर खालचा छाप बघून त्याच कारखान्याचं शोध. मापात थोडा फरक असला तरी खाचा नीट बसत नाहीत. जुन्या घरांची उतरवलेली कौलं मिळतात, ती घे.

आढ्यावर निव्वळ सिमेंट थापू नकोस. लाकूड फुगतं, आकसतं, आणि कडक गिलाव्याला तडे जातात. चुना मिसळ.

शाकारणी, म्हणजे छपराची डागडुजी, मिरगाच्या आधीच उरक. पाऊस लागल्यावर ओल्या कौलांवर चढू नकोस, कोणी कितीही गळ घातली तरी. तेव्हा आतून ताडपत्री बांधून दे आणि उघडीप मिळेपर्यंत थांब.