वाचकांचे प्रश्न : लवकर जन्मलेल्या बाळाच्या दोन तारखा

प्रश्न : मुलगी २९व्या आठवड्यात झाली, वजन ११५० ग्रॅम. बरेच दिवस काचेच्या पेटीत होती, प्राणवायूही लागला. आता ४१ दिवसांची आहे, वजन १६५० ग्रॅम. डिस्चार्जच्या कागदावर डोळे तपासायला सांगितलं आहे. घरचे म्हणतात, दोन किलो होईपर्यंत बाहेर काढायचं नाही. ती दिव्याकडे नीट बघते. थांबलं तर चालेल का?
– एक आई, सातारा जिल्हा

उत्तर : अजिबात थांबू नका. या ताईंना आम्ही पत्र मिळाल्या दिवशीच फोनवर हे सांगितलं. इथे सविस्तर देतो, कारण हा गैरसमज घरोघरी आहे.

डोळ्याच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या गर्भात सोळाव्या आठवड्याच्या सुमारास मध्यापासून वाढू लागतात आणि कडेपर्यंत पोचायला जवळजवळ ४० आठवडे घेतात. २९व्या आठवड्यात आलेल्या बाळाच्या पडद्याची कड कोरीच असते. बाहेर आल्यावर जादा प्राणवायू मिळाला की ही वाढ थबकते. पुढे पडदा वाढतो, त्याला रक्त कमी पडतं, आणि मग वाहिन्या वेड्यावाकड्या फुटतात. त्या आक्रसल्या की पडद्याला ओढ बसते आणि तो सुटतो. या आजाराला आरओपी म्हणतात.

बाळ दिव्याकडे बघतं यावरून काहीच ठरत नाही. बिघाड कडेला सुरू होतो, मधली नजर बराच काळ शाबूत असते, डोळा बाहेरून नितळ दिसतो. बाहुली पांढरी दिसू लागते तेव्हा हातातली वेळ गेलेली असते.

आता हिशेब करा. २९ आठवडे पोटातले आणि जवळजवळ ६ बाहेरचे, म्हणजे ३५. आरओपी बहुधा ३४ ते ४० आठवड्यांच्या दरम्यान उफाळतो. दोन किलोची वाट बघायची म्हणजे नेमका हाच काळ घालवायचा. आपल्याकडचा नियम असा : ३४ आठवड्यांच्या आधी जन्मलेल्या किंवा २००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या बाळाची पहिली तपासणी जन्मापासून ३० दिवसांच्या आत. २८ आठवड्यांच्या आधीचं किंवा १२०० ग्रॅमपेक्षा कमी असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच. तुमची मुलगी ११५० ग्रॅमची होती, तिची तपासणी खरं तर पेटीत असतानाच व्हायला हवी होती.

तपासणीला जाताना बाळ उपाशी नको, पण पोट टच्च भरलेलंही नको. दूध तासभर आधी पाजा. बाहुली मोठी करणारे थेंब दोन-तीनदा, दहा-पंधरा मिनिटांच्या अंतराने घालतात. गालावर ओघळलेला थेंब लगेच टिपून घ्या, तो त्वचेतून अंगात भिनतो. बाळ रडेल, पण काम काही मिनिटांचं असतं. उपचाराची गरज निघाली तर लेसर किंवा डोळ्यात इंजेक्शन ४८ ते ७२ तासांत व्हायला हवं. ‘घरी विचारून सांगतो’ म्हणून आठवडा लावू नका. आणि पहिल्या वेळी ‘ठीक आहे’ म्हटलं तरी सुटका नाही. वाहिन्या कडेपर्यंत पोचल्याचं डॉक्टर सांगेपर्यंत एक-दोन आठवड्यांनी जात राहायचं.

प्रश्न : नातू ३१व्या आठवड्यातला, नुकताच घरी आणलाय. झोपेत मधेच श्वास थांबतो, मग भराभर घेतो. जीव घाबरतो.
– एक आजी, लातूर

उत्तर : आजी, पाच-दहा सेकंद थांबून पुन्हा भराभर श्वास घेणं या बाळांत नेहमीचं असतं. २० सेकंदांहून जास्त थांबला, किंवा त्याआधीच ओठ निळे पडले, अंग ढिलं पडलं, तर ते दुखणं. तळवे किंवा पाठ चोळा, बाळाला हलवू-झटकू नका. श्वास आला तरी त्याच दिवशी दवाखान्यात न्या. घरी आल्यावर असं होणं ही कित्येकदा जंतुसंसर्गाची पहिली खूण असते. श्वास आलाच नाही तर तोंडाने श्वास द्यायला लागा आणि दुसऱ्या कुणाला तरी १०८ लावायला सांगा.

बाळाला सपाट, घट्ट गादीवर उताणं झोपवा. मोहरीची उशी आणि कापडाची झोळी काही महिने बाजूला ठेवा. त्यात हनुवटी छातीला टेकते आणि कोवळी श्वासनलिका दबते.

सगळ्यात चांगली जागा म्हणजे छाती. बाळाला फक्त टोपी, लंगोट, मोजे. आईच्या उघड्या छातीवर मधोमध उभं धरायचं, पाय बेडकासारखे, मान एका कुशीला आणि जराशी वर, नाक मोकळं. वरून सुती कापड आवळून बांधायचं. एका वेळी तासाच्या आत काढू नका, दिवसाचे किमान आठ तास भरवा. सून दमली की मुलाने घ्यावं, तुम्हीही घ्या. अडीच किलोच्या आसपास बाळ स्वतःच वळवळून ‘आता नको’ म्हणतं. आणि गुटी, मध, साखरपाणी काहीही देऊ नका. त्याच्या आतड्याला फक्त आईचं दूध झेपतं. लोह आणि ड जीवनसत्त्वाचे थेंब डॉक्टर लिहून देतील तेवढेच.

प्रश्न : मुलगा आठ महिन्यांचा झाला, अजून बसत नाही. ३०व्या आठवड्यात झाला होता. लसी उशिरा द्यायच्या का?
– एक वडील, नाशिक

उत्तर : लसी जन्मतारखेनेच, एक दिवसही मागे ढकलायच्या नाहीत. बसणं, रांगणं, वरचं अन्न मात्र डॉक्टरांनी दिलेल्या प्रसूतीच्या तारखेपासून मोजायचं, दोन वर्षांचा होईपर्यंत. १० आठवडे वजा केले तर तो साडेपाच महिन्यांचाच आहे, आज बसायची अपेक्षाच नाही. लक्ष ठेवायचं ते वेगळ्या गोष्टींवर : मान धरत नाही, अंगठा मुठीत दाबलेलाच राहतो, लंगोट बदलताना पाय कात्रीसारखे ताठ होतात, किंवा तो एकाच हाताने वस्तू धरतो. यातलं काहीही दिसलं तर जिल्हा रुग्णालयात डीईआयसी, म्हणजे मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणारं केंद्र, विचारा, तपासणी आणि व्यायाम मोफत असतात. कानाची बेरा तपासणी (बाळाला ऐकू येतं का ते बघणारी) झाली नसेल तर तीही त्याच फेरीत उरकून घ्या.